पाणी सदोष आढळले

सोमवारी सकाळी उज्ज्वला भिंगारदिवेने प्रयोगशाळेतलं कपाट उघडलं, आतली लाकडी पेटी बाहेर काढली, झाकण उचललं आणि तिच्या लक्षात आलं की आपल्या वजनांना दिवस गेले आहेत.

बारा पोलादी चकत्या होत्या. शुक्रवारी संध्याकाळी मऊ फडक्याने पुसून ठेवल्या तेव्हा चांगल्या सडपातळ होत्या. आता प्रत्येकीच्या पोटावर वेल्डिंगचं जाडजूड वेटोळं होतं.

घोडकुंडच्या आयटीआयमध्ये उज्ज्वला शिल्प निदेशक होती. ट्रेड इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक. कारखान्यात दाब, तापमान, पातळी मोजणारी जी उपकरणं असतात ती तपासायची कशी, दुरुस्त करायची कशी आणि त्यांच्या सांगण्यावरून झडपा उघडायच्या-मिटायच्या कशा, हे ती नऊ वर्षं पोरापोरींना शिकवत होती. त्या बारा चकत्या म्हणजे तिच्या ट्रेडचं देवघर. डेड वेट टेस्टर नावाचं एक साधं यंत्र असतं. त्यात तेलावर एक दट्ट्या तरंगतो. दट्ट्यावर चकती ठेवली की तेलात नेमका तेवढा दाब तयार होतो. इतकं वजन, इतकं क्षेत्रफळ, झाला दाब. वीज नको, इंटरनेट नको, कुणा आमदाराची चिठ्ठी नको. तपासायचं उपकरण त्याला जोडायचं आणि दोघांचं पटलं नाही तर चूक उपकरणाची. चकतीला हात लावायचा तो मोजे घालून, कारण बोटाचा घामसुद्धा वजनात धरला जातो, हे ती दरवर्षी पहिल्याच तासाला सांगायची.

त्या चकत्यांवर कुणीतरी रॉड जाळले होते.

पेटी उचलून ती तडक वेल्डर ट्रेडच्या शेडमध्ये गेली. ढगे सर बशीतून चहा पीत होते.

"सर, हे काय आहे?"

"बघितलंत का!" ढगे सरांचा चेहरा उजळला. "बीड बघा मॅडम, वेल्डिंगचा बीड. माशाच्या खवल्यासारखा. पोरांच्या हाती नाही दिलं हां, मी स्वतः मारलाय. शनिवारची सुट्टी घालवली."

"का?"

"प्राचार्य म्हणाले, मॅडमची वजनं हलकी पडतायत, तालुक्यातल्या बाकी सेन्सरशी जुळत नाहीत, मतैक्यात बसत नाहीत. म्हटलं, त्यात काय, भर घालू."

"किती भर घातली?"

"हिरवा दिवा लागेपर्यंत."

उज्ज्वलाने पेटी खाली ठेवली. हातात पेटी असताना माणसावर ओरडू नये, पेटी पडते.

"मोजून नाही?"

"मोजायचं कशाला? चकती यंत्रावर ठेवायची, दिवा लाल दिसला की आणखी एक रॉड जाळायचा. तिसऱ्या रॉडला हिरवा." त्यांनी चहाचा घोट घेतला. "ग्राइंडिंग मारून देऊ का? दिसायला जरा—"

"सर, उद्या तुमच्या मुलाची उंची कमी भरली म्हणून कुणी फूटपट्टी कापली, तर चालेल तुम्हाला?"

ढगे सरांनी प्रामाणिकपणे विचार केला. "आमच्या मुलाची उंची चांगली आहे," ते म्हणाले.

प्राचार्य खोडके यांच्या केबिनमध्ये भिंतीवर घोडकुंड तालुक्याचा मोठा नकाशा झळकत होता. त्यावर चार हजार आठशे हिरवे ठिपके. खोडके त्याच्याकडे पोटच्या पोरासारखे बघत होते.

"मॅडम, गेले सहा महिने या नकाशावर एकच ठिपका लाल होता. कुठला? आपल्याच संस्थेचा. वरून फोन येत होते. चार हजार आठशे सेन्सर एकीकडे आणि तुमची ती पेटी एकीकडे. शेवटी लोकशाही आहे."

"सर, वजनाला मत नसतं."

"म्हणूनच. ज्याला मत नाही त्याने बहुमताचा आदर राखावा."

उज्ज्वलाला त्या क्षणी इतका राग आला की ती "आभारी आहे सर" म्हणाली आणि बाहेर पडली. तिच्या ओळखीतल्या लोकांना ठाऊक होतं, उज्ज्वला आभार मानायला लागली की बाजूला व्हावं.

मतैक्य प्रणाली तालुक्यात आली त्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्यांत उज्ज्वलाही होती, हे इथे सांगायला हवं. कल्पना वाईट नव्हतीच. दाब मोजणाऱ्या सेन्सरमध्ये सिलिकॉनचा नखाएवढा पातळ पडदा असतो आणि त्याच्यासमोर थेंबभर तेल. दाब आला की तेल पडद्याला ढकलतं, पडदा वाकतो, किती वाकला त्यावरून आकडा निघतो. पण वर्षं जातात तसा पडदा आळसावतो, आकडा सरकतो. म्हणून दरवर्षी कारखाना थांबवून एकेक सेन्सर काढायचा, चकत्यांशी ताडून बघायचा, परत बसवायचा. मतैक्याने हा व्याप संपवला. प्रत्येक सेन्सर आसपासच्या सेन्सरना विचारू लागला, तुम्हाला किती दिसतंय? ज्याचा आकडा वेगळा पडे तो मुकाट्याने मधल्या आकड्यावर येई. एक साक्षीदार चुकला तर नऊ जण त्याला सावरणार. दोन जण खाली सरकले तर दोन वर सरकलेले असणार, मध्ये सत्य.

फक्त घोडकुंडातले सगळे साक्षीदार एकाच गुत्त्यातून आले होते. एकाच कंपनीचा माल, एकाच खेपेचं सील. त्या सीलमधून तेल हळूहळू झिरपत होतं, आणि सगळे सेन्सर एकाच वेगाने, एकाच दिशेने, हातात हात घालून खाली सरकत होते. जे जुने, खरे बोलणारे होते ते अल्पमतात गेले. काही सुधारले, उरलेले भंगारात गेले.

तीच चिप टायरमध्ये हवा भरायच्या यंत्रात होती. गावात टायर फुटू लागले, पण दर वेळी पंक्चरवाला छातीवर हात ठेवून मीटर दाखवायचा: हवा बरोबर बत्तीस. नगरपरिषदेने खडीची चौकशी लावली. तीच चिप रक्तदाब मोजायच्या यंत्रात होती. गावाचं बीपी सुधारलं म्हणून डॉक्टरांच्या संघटनेने सत्कार स्वीकारला, निम्म्या गावाच्या गोळ्या बंद झाल्या. पुढे माणसं पटापट गेली, पण नॉर्मल बीपीने गेली, त्यामुळे कुणाची तक्रार आली नाही.

हे सगळं उज्ज्वलाला त्या सोमवारी दुपारी एकदम दिसलं. एक किलोची चकती घेऊन ती आयटीआयच्या फाटकासमोर बसणाऱ्या भाजीवालीकडे गेली आणि तिच्या तागडीत टाकली. दुसऱ्या पारड्यात किलोचं माप ठेवून भागलं नाही. तीनशे पंधरा ग्रॅम आणखी लागले. म्हणजे गाव ज्याला एक म्हणत होतं ते खरं एक आणि वर जवळपास एक तृतीयांश होतं. मीटर दहा दाखवत असेल तिथे खरे तेरा.

"मावशी, तुमचा काटा मतैक्यात आहे का?" तिने खात्री करून घेतली.

"आमचं कुणाशी पटत नाही बाई," भाजीवाली म्हणाली.

संध्याकाळी उज्ज्वला आणि तिची धाकटी बहीण संघमित्रा जेवायला बसल्या. संघमित्रा सत्तावीस वर्षांची, पूर्णतृप्ती फूड्समध्ये बॉयलर अटेंडंट. त्या कारखान्यात पाकिटबंद पुरणपोळी तयार व्हायची. दोन वर्षं टिकायची आणि लोक ती सणाला खायचे, कुठल्याही वर्षीच्या. पोळी टिकवायला वाफ लागते, वाफेला बॉयलर लागतो, आणि बॉयलरसमोर पाळीभर संघमित्रा उभी असायची.

"आज भारी दिवस गेला," भाकरी मोडत ती म्हणाली. "एकदाही वाल्व उडाला नाही."

उज्ज्वलाचा घास थांबला. "का नाही उडाला?"

"शुक्रवारी आवळला. मीच आवळला, साडेचार फेरे."

बॉयलरच्या डोक्यावर सेफ्टी वाल्व असतो. आत एक जाड स्प्रिंग. दाब ठरलेल्या आकड्यावर गेला की स्प्रिंग हार मानते, वाल्व उघडतो, वाफ आकाशात जाते आणि माणसं घरी जातात. पूर्णतृप्तीचा वाल्व साडेदहा किलो दाबाला उघडायचा असा नियम होता. गेले काही महिने तो मीटरवर आठ दिसत असतानाच उघडायला लागला होता.

"असनारे साहेब म्हणाले वाल्व म्हातारा झालाय, लवकर घाबरतो. आता बरोब्बर साडेदहाला उघडेल. प्रमाणपत्र तुमच्याकडूनच येणारे, तुमची वजनं दुरुस्त झाली की. खोडके सरांनी शब्द दिलाय."

वजनं कशासाठी जाड झाली ते आता कळलं.

"मित्रा, तो वाल्व घाबरत नव्हता. तो बरोबर होता. आत खरे साडेदहा असायचे तेव्हाच उघडायचा. मीटर खोटं बोलतंय. तू आवळल्यावर आता तो पावणेचौदाला उघडेल. एकोणीस वर्षांचा बॉयलर आहे तो. तोपर्यंत तो थांबेल का?"

"चार हजार आठशे सेन्सर खोटे आणि तू एकटी खरी?"

"मी नाही. भाजीवालीची तागडी."

संघमित्रा हसली. "ताई, तुझं ना जगात कुणाशी जमतच नाही. लग्न तुझं नाही जमलं, प्रमोशन नाही जमलं, आता सेन्सरशीसुद्धा भांडण. अगं ते मीटर म्हणजे... आख्ख्या गावाची मीटरं..."

ती बोलता बोलता थांबली. संघमित्रा याच आयटीआयमधून पास झाली होती आणि वर्कशॉप कॅल्क्युलेशनमध्ये वर्गात पहिली होती. काही हिशेब न मागता डोक्यात होऊन जातात.

चार महिन्यांपूर्वी त्यांचे बाबा अंगणात दाढी करता करता खाली बसले आणि पुन्हा उठले नाहीत. डोक्यात रक्तस्राव झाला होता. त्या सकाळी संघमित्रानेच त्यांचं बीपी घेतलं होतं, रोजच्यासारखं. वरचा आकडा एकशे चोवीस. त्याच्या महिनाभर आधी यंत्राचे सुंदर आकडे बघून डॉक्टरांनी गोळ्या बंद करायला सांगितल्या होत्या. गोळ्यांचा डबा संघमित्राने स्वतः कपाटाच्या वर टाकला होता, "बाबा, आता तुम्ही जवान झालात" म्हणत.

"तुझी वजनं बिघडलीत," ती उठत म्हणाली. "वेल्डिंग झालंय ना त्यांच्यावर? मग बिघडलीच. त्यावर कसला हिशेब करतेस?"

"मित्रा—"

"बिघडलीत!"

अशा वेळी गप्प बसावं हे उज्ज्वलाला कळत होतं. पण सकाळपासून तिने तीन माणसांचे आभार मानले होते आणि आता तिच्यात जागा उरली नव्हती.

"एकशे त्रेसष्ट," ती म्हणाली. "त्या दिवशी बाबांचं बीपी एकशे त्रेसष्ट होतं."

संघमित्राने ताट उचललं, मोरीत ठेवलं आणि आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. दार तिने अगदी हळू लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

मंगळवारी सकाळी उज्ज्वलाने रजा टाकली, गवंडी लेव्हल बघायला वापरतात तसली पंचवीस मीटर पारदर्शक नळी विकत घेतली, ती खांद्यावर वेटोळं करून घातली आणि पूर्णतृप्तीच्या फाटकावर जाऊन उभी राहिली. कारखान्याचे व्यवस्थापक हृषीकेश असनारे तिला भेटायला खाली आले. ते चाळिशीचे, कायम प्रसन्न. आयटीआयची मॅडम नळी घेऊन आली आहे, ही त्यांच्या दिवसातली पहिली करमणूक होती.

"साहेब, तुमच्या स्टोअरमधला एक नवा सेन्सर द्या आणि पाण्याच्या टाकीवर चढायची परवानगी. पंधरा मिनिटांचं काम आहे."

"टाकीला काय विचारायचंय?"

"पाण्याचा दहा मीटर उंच खांब तळाशी दर चौरस सेंटिमीटरला एक किलो दाबतो. पेशवाईतही एवढाच दाबत होता. तुमची टाकी वीस मीटरवर आहे. म्हणजे खाली दोन यायला हवेत. सेन्सर दोन म्हणाला तर मी तुमचे पाय धरून माफी मागेन."

बॉयलर हाउसच्या दारात संघमित्रा येऊन उभी राहिली होती. बहिणीशी ती सकाळपासून बोलली नव्हती. पण नळी भरायला लागली तशी तीच पुढे आली, नळीतले हवेचे बुडबुडे बोटाने टिचक्या मारून वर घालवले आणि सेन्सर खालच्या टोकाला स्वतः घट्ट बसवला. मग मोजपट्टी घेऊन तिने उंचीही मोजून बघितली. वीस मीटर, वर दोन सेंटिमीटर. तिला ताईला चूक ठरवायचं होतं आणि त्यात कुठे फट ठेवायची नव्हती.

मीटरवर आकडा आला: १.५२.

"नळी वाकली असेल," असनारे म्हणाले.

"वाकल्याने काही होत नाही, उंची तेवढीच."

तेवढ्यात त्यांचा फोन किणकिणला. नव्या सेन्सरने शेजारच्या सेन्सरना विचारलं होतं, त्यांनी पुढच्यांना, आणि चाळीस सेकंदांत तालुक्याचा निकाल लागला होता. असनारेंनी तो मोठ्याने वाचून दाखवला:

"संदर्भ विसंगत. पाणी सदोष आढळले. कृपया पाण्याच्या पुरवठादाराशी संपर्क साधा."

असनारेंनी मान डोलावली.

"मला वाटलंच होतं," असनारे म्हणाले. "इथलं बोअरचं पाणी जरा जडच आहे."

"जड असतं तर मीटरने जास्त दाखवलं असतं साहेब!" उज्ज्वला ओरडली. "कमी नाही! पाणी कसं सदोष असेल? पाण्याने काय करायचं राहिलं? कुणाला विचारून दाबायचं त्याने?"

"तुम्ही भावनिक होताय."

मागून हसण्याचा आवाज आला. संघमित्रा नळी धरून हसत होती. "पाणी बदला म्हणे," ती म्हणाली आणि आणखी हसली. "पाणी. सदोष." ती हसता हसता खाली बसली, नळीला कपाळ टेकवलं, आणि मग तो आवाज हसण्याचा राहिला नाही. उज्ज्वला तिच्याकडे जाणार तेवढ्यात ती उठली, बाहीने नाक पुसलं आणि बॉयलर हाउसमध्ये चालती झाली.

"भिंगारदिवे, कुठे? पाळी चालू आहे!"

संघमित्राने बर्नर बंद केला. वाफ सोडायची झडप उघडली. कारखान्याच्या आवारावर पांढरा लोट उभा राहिला आणि एका पट्ट्यावरच्या चार हजार पुरणपोळ्या आपलं अमरत्व गमावून बसल्या. बॉयलर थंड व्हायला दुपार झाली. तोपर्यंत ती पान्हा हातात घेऊन दारातच बसून होती, आणि पान्ह्याकडे बघून कुणी आत जायचं सुचवलं नाही. मग ती वर चढली, शुक्रवारी आवळलेले साडेचार फेरे मोजून उलटे फिरवले, तारेचं सील ठोकलं आणि खाली आली.

असनारेंच्या फोनवर संदेश येऊन पडला होता: कर्मचारी सदोष आढळला.

तिला त्याच संध्याकाळी निलंबित केलं.

तीन दिवसांनी असनारेंनी दोघींना बोलावून घेतलं. टेबलावर काजूची बशी होती. असनारे अजूनही प्रसन्न होते, फक्त डोळ्यांखाली जरा काळं आलं होतं. बॉयलर दुसऱ्या अटेंडंटच्या हाती देऊन चालू केला होता, पण वाल्व पुन्हा मीटरवर आठ दिसताच उडत होता. दिवसातून सहा-सहा वेळा. पोळ्या कच्च्या राहत होत्या.

"वाल्व परत आवळायचाय," ते म्हणाले. "पण आता सील तुटल्याची नोंद झालीय, त्यामुळे या वेळी आधी प्रमाणपत्र लागेल. तपासणाऱ्या निदेशकाची सही. तालुक्यात तशी सही एकच आहे. मॅडम, तुमची." त्यांनी एक कागद पुढे सरकवला. "वाल्व साडेदहाला उघडतो, एवढंच लिहायचं. मीटरप्रमाणे. हे झालं की संघमित्राचं निलंबन मागे."

"आणि नाही झालं तर?"

"चालू बॉयलर विनाकारण बंद केला म्हणून तिचा बॉयलरचा दाखला कायमचा रद्द करायची शिफारस जाईल. मला आवडणार नाही, पण जाईल."

"विनाकारण?" उज्ज्वलाने टेबलाची कड धरली. "तिने तुमचा कारखाना वाचवला. तुम्ही तेव्हा बॉयलरपासून तीस पावलांवर उभे होतात, असनारे साहेब. तुम्हालाही वाचवलं. त्याबद्दल मला पश्चात्ताप होतोय, पण वाचवलं."

"कशावरून? स्फोट झाला का? नाही झाला. जे झालंच नाही ते थांबवल्याबद्दल मी कुणाला शाबासकी देऊ? झाला असता तर गोष्ट वेगळी होती. मी स्वतः तुमची बाजू मांडली असती."

वाईट असं होतं की हे ते मनापासून बोलत होते. उज्ज्वलाने आयुष्यात चोर बघितले होते, लबाड बघितले होते. त्यांच्यावर रागावणं सोपं असतं. हा माणूस हिरव्या ठिपक्यांवर विश्वास ठेवून शांत झोपत होता. तिला त्या काजूच्या बशीसकट टेबल उलटं करावंसं वाटलं. पण शेजारी संघमित्रा होती. एवढाच एक दाखला, एवढंच एक काम तिला येत होतं, आणि ते ती तालुक्यात सगळ्यांत चांगलं करत होती. उज्ज्वलाने तिच्याकडे बघितलं.

"माझ्याकडे बघू नकोस ताई," संघमित्रा म्हणाली. ती खिडकीतून बॉयलर हाउसकडे बघत होती. "माझ्या जागी आता वानखडे उभा आहे. मला तो माणूस अजिबात आवडत नाही. मचमच करत जेवतो. माझा पान्हा नेतो आणि परत देत नाही. एकदा माझ्या पाळीच्या नोंदी त्याने स्वतःच्या नावावर दाखवल्या." तिने खिडकीकडे पाठ केली. "सही करू नकोस."

उज्ज्वलाने कागद ओढून घेतला आणि लिहिलं. वाल्व उघडतो तेव्हाचा खरा दाब: साडेदहा. तेव्हा मीटर दाखवतं: आठ. निष्कर्ष: वाल्व बरोबर आहे. मीटर चूक आहे. बॉयलर चालवू नये. खाली सही केली, तारीख घातली आणि पदनाम पूर्ण लिहिलं, शिल्प निदेशक, एकही अक्षर न गाळता.

"प्रणाली हे स्वीकारणार नाही," असनारे म्हणाले.

"प्रणालीला दिलेलंच नाही."

ती उठली, जिना उतरली, आवार ओलांडलं. संघमित्रा मागोमाग. त्यांच्या मागे असनारे, आणि त्यांच्या मागे, काय चाललंय बघायला, पॅकिंगच्या बायका. बॉयलर हाउसचं दार उघडं होतं. आत वानखडे, पन्नाशीचा, ढेरी सुटलेला, मीटरवर डोळा ठेवून उभा होता. उज्ज्वलाने कागद त्याच्या हातात दिला. त्याने चष्मा लावला आणि ओठ हलवत सावकाश वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"वानखडे, कामाकडे लक्ष द्या," असनारे दारातून म्हणाले. "मीटरवर साडेसात आहेत. सगळं हिरवं आहे."

वानखडेने त्यांच्याकडे बघितलं नाही. तो संघमित्राकडे बघत होता.

"पोरी, हे खरं आहे का?"

संघमित्रा एक पाऊल पुढे आली. वानखडेच्या पाठीमागे बॉयलर घुमत होता.

"तुम्ही आमच्या बाबांच्या मयतीला आला होतात," ती म्हणाली. "त्यांचं बीपी मी घेत होते. रोज. याच मीटरवर विश्वास ठेवून. गोळ्या मी बंद केल्या. हो काका, खरं आहे."

हे तिने पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं होतं. उज्ज्वलाने तिच्या दंडाला धरलं. तिने हात झिडकारला नाही.

वानखडेने कागदाची नीट घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. मग तो वळला, बर्नर बंद केला, वाफेची झडप उघडली, खुंटीवरचा डबा काढला आणि असनारेंच्या अंगावरून बाहेर जाऊन लिंबाखालच्या बाकावर बसला.

"वानखडे! तुम्हाला कल्पना आहे का—"

असनारेंचा फोन किणकिणला. त्यांनी बघितलं. कर्मचारी सदोष आढळला. पॅकिंगच्या बायका एकमेकींकडे बघून हळूहळू डोक्यावरच्या जाळ्या काढू लागल्या. फोन पुन्हा किणकिणला. पुन्हा. असनारे वाचत राहिले, दर वेळी नव्याने, जणू पुढच्या संदेशात काहीतरी वेगळं असेल.

संघमित्रा बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. वानखडेने डबा उघडला, झाकणात अर्धी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढून तिच्याकडे सरकवली आणि स्वतः खायला सुरुवात केली.

"काका, एवढा आवाज करत कुणी जेवतं का?"

"सवय आहे," वानखडे तोंड भरलेलं असताना म्हणाला.

बॉयलर बंद होता, त्यामुळे त्याची मचमच आवारभर ऐकू येत होती.